सांगणार नंबर सतरा

"वाच. माझं नाव वाच," अनूबाई म्हणाल्या.

खुर्ची रिकामी असताना त्या जमिनीवर बसल्या होत्या. चिंचेवाडीहून सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला आल्या होत्या, त्यामुळे पायावर तिकडची तांबडी माती होती. पिशवीत दोन शेर घनसाळ तांदूळ होता, तो त्यांनी आल्या आल्या माझ्या हातात दिला होता. समोर आईच्या पुस्तकाची प्रुफं होती. मी शेवटचं पान काढलं. शब्द सांगणाऱ्या बायकांची यादी त्यावर होती.

मी वरपासून खालपर्यंत अडतीस नावं वाचली. अनूबाई रेडेकर हे नाव त्यात नव्हतं.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "हळू वाच. घाईत सुटलं आसंल."

मी पुन्हा वाचलं. या वेळी त्या प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. शेवंता जाधव आल्यावर "तिचं हाय व्हय!" असं म्हणून थांबल्या. यादी संपली तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आनि मी?"

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आईला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. आई, प्रमिला कुराडे, आजऱ्याच्या पंचायत समितीत मराठी टायपिस्ट होती. अर्ज टाइप करून घ्यायला बायका यायच्या आणि बोलता बोलता एखादा शब्द असा वापरायच्या, की आईचा हात थांबायचा. तो शब्द ती कागदाच्या कपट्यावर लिहून ठेवायची. निवृत्तीनंतर ती गावोगाव फिरली, त्याच बायकांच्या दारात बसली आणि घरी येऊन सगळं कॉम्प्युटरवर उतरवत गेली. भाताच्या शेतातले, खळ्यावरचे, चुलीपुढचे शब्द. सोळा वर्षं. प्रत्येकीला तिनं एकच कबूल केलं होतं. शब्द छापला, तर सांगणारीचं नावही छापायचं.

"चार पावसाळे येत हुती माझ्याकडं," अनूबाई म्हणाल्या. "माझ्याच इरल्यात बसून भर पावसात भाताची लावणी बघितली तिनं. तरवा सांगितला, मुडा सांगितला, मेर सांगितली, वैल सांगितला."

मी पानं चाळली. "वैल आहे की, मावशी. हे बघा. 'वैल: चुलीशेजारचं दुसरं तोंड, ज्याला स्वतःचा जाळ नसतो.' पण सांगणार तेवीस नंबर आहे. म्हणजे शेवंताबाई."

अनूबाईंना हसू आलं. "एवढंच? शेवंतीच ती. तिला बोलायचा कंटाळा. नवऱ्याला जेवायला हाक मारायची, तर ताट वाजवायची."

मीही हसले. मग काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "आई शेवटी आजारी होती. कदाचित तुमचं उतरवायचं राहून गेलं असेल. मी आभारात तुमचं नाव घालते. पहिलंच घालते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता, पण तांदळाची पिशवी परत मागतील की काय, असं मला वाटलं.

"मी सांगितलं आसंल तर छाप," त्या म्हणाल्या. "नसंल सांगितलं तर नगं. उगं मनाला बरं वाटावं म्हनून नगं. नात माझी म्हनती, आज्जी तुला कुनी इचारलंच न्हाई, तू सपनात बोललीस. तिला दावायचं हुतं."

दुपारच्या एसटीनं त्या गेल्या. प्रुफं सोमवारी कोल्हापूरला जायची होती. तो गुरुवार होता.

संपादक पाटणकरांना मी फोन केला.

"अहो संजीवनीताई, म्हातारी माणसं," ते म्हणाले. "चार गोष्टी एकत्र करतात. आभारात टाकून टाकू की. कुणाचं काय बिघडतंय?"

"त्या नको म्हणाल्या."

"मग प्रश्नच मिटला."

मला मात्र तो मिटलेला वाटेना. आईची एक वही होती. तिच्यात सांगणाऱ्या बायकांची नावं नंबर घालून लिहिली होती. कॉम्प्युटरवर ती दर वेळी पूर्ण नाव न लिहिता नुसता नंबर घाली. त्या वहीत सतरा नंबरला, आईच्या उभ्या, नेटक्या अक्षरात, 'अनूबाई रेडेकर, चिंचेवाडी' असं लिहिलेलं होतं. वहीत एकूण त्रेचाळीस नावं होती. त्यातल्या पाच नंबरांपुढे एकही शब्द निघाला नव्हता, म्हणून यादी अडतीसची झाली होती. नाव घेतलं पण शब्द घेतला नाही, असं पाच बायकांच्या बाबतीत झालं असेल, हे मी आधी बिनदिक्कत मानलं होतं.

आणखी एक गोष्ट मी अशीच मानून टाकली होती. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, आई एकदा डोळे मिटून म्हणाली होती, "दोन हजाराला चौपन्न कमी आहेत."

"काय कमी आहेत?"

"शब्द."

मी "बरं" म्हटलं होतं. फाईलमधून शब्द निघाले आठशे बारा. औषधांच्या गुंगीत ती बोलली, असं मी ठरवलं. खरं तर आईनं आयुष्यात कधी आकडा अंदाजे सांगितला नव्हता. माझा जन्म सहा वाजून सतरा मिनिटांचा आहे, एवढं सांगून ती माझ्या जन्माबद्दल थांबत असे.

ती थोडक्यात बोलणारी बाई होती. आम्ही शेवटची आठ वर्षं एकाच घरात राहिलो. "जेवलीस?" "हो." "दार लावलंस?" "लावलं." माझ्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही आजऱ्यात राहत होतो आणि मी एसटीनं गडहिंग्लजला यायचे. परत जायला उशीर झाला, तर आई झोपलेली असे. भात झाकून ठेवलेला असे. वाट पाहत बसणाऱ्या आया मी पुस्तकांत वाचल्या होत्या, पुष्कळ वाचल्या होत्या. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. मला त्याचं दुःख वगैरे नव्हतं. एखाद्या घरात देव्हारा पूर्वेला असतो, एखाद्यात नसतो, तसं.

मी कॉलेजात ग्रंथपाल होते. शुक्रवारी दुपारी मी शबाना मुजावरांकडे गेले. त्या आमच्या संगणक विभागात शिकवायच्या. आईच्या फाईलमधून शब्दांचा तक्ता त्यांनीच काढून दिला होता. मी त्यांना पेन ड्राइव्ह दिला होता आणि छापील तक्ता परत घेतला होता. ती फाईल मी स्वतः एकदाही उघडली नव्हती. शेवटची ओळ कुठं तरी अर्ध्यावर असेल आणि ती आपल्याला बघावी लागेल, एवढंच कारण.

"मॅडम, सतरा नंबरचा एकही शब्द नाही, असं होऊ शकतं का?" मी विचारलं.

"फाईलमध्ये नसेल तर नसणारच," त्या डबा बंद करत म्हणाल्या. "मी हातानं थोडंच वेचलंय? साचा लिहिला. 'शब्द' इथून सुरुवात, मध्ये काहीही, आणि शेवटी 'सांगणार' आणि नंबर. जिथं जिथं असं दिसेल ते उचल. त्याला आमच्यात रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मशीन चुकत नाही हो. चुकलं तर माणूस चुकतं."

"माणूस चुकलं असेल का?"

"मी?" त्यांनी भुवया उंचावल्या. मग हसून स्वतःच खुर्ची ओढली. "बघू या. तुम्ही ग्रंथपाल लोक. हरवलेलं पुस्तक सापडेपर्यंत परीक्षेच्या अर्जावरसुद्धा सही करत नाही."

त्यांनी फाईल उघडली. मी खिडकीकडे पाहत होते.

"सतरा नंबर इथं आहे," त्या म्हणाल्या. मग फाईल खाली सरकवत गेल्या. "इथंही आहे. आणि इथं. अहो, पुष्कळ आहेत. मग साच्यात का नाही आले? ताई, जरा इकडं बघता का? तुमच्या आईनं हे असं मधेच का तोडलंय?"

मला बघावं लागलं.

पडद्यावर आईच्या ओळी होत्या. मोठ्या पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागातच त्या संपत होत्या. साधारण एकाच जागी, एखाद-दोन अक्षरं मागं-पुढं. वाक्य चालू असलं तरी ओळ तिथं संपे आणि वाक्य खालच्या ओळीवर पुढं जाई. उजवीकडे सगळा पडदा रिकामा होता.

"प्रत्येक ठिकाणी एंटर मारलंय," शबानामॅडम म्हणाल्या. "वाक्य संपलेलं नाही, तरी एंटर."

मी ते पाहिलं आणि मला आधी आवाज आठवला.

"घंटा वाजायची," मी म्हणाले.

"कसली?"

"टाइपरायटरची. कागदाची कड जवळ आली की पाच-सहा अक्षरं आधी घंटा वाजते. मग डाव्या हातानं दांडा सरकवायचा, की कागद पुन्हा सुरुवातीला येतो आणि एक ओळ वर सरकतो. आईनं छत्तीस वर्षं तेच केलं. कॉम्प्युटरवर बसायची तेव्हाही ओळ भरत आली की तिचा डावा हात हवेत जायचा. दांडा नाही हे लक्षात आलं, की तो खाली येऊन उजवा हात एंटर दाबायचा. वर्डमध्ये ती कधीच काम करत नसे. त्यात ओळ आपली आपण खाली जाते. म्हणायची, ओळ कुठं संपवायची ते मी ठरवीन."

शबानामॅडमनी कपाळाला हात लावला. "आणि मी धरून चालले, की एक ओळ म्हणजे एक नोंद. पहिलं पान तसंच होतं हो. सगळ्या छोट्या नोंदी. साच्यात आपण मध्ये टिंब लिहितो. टिंब म्हणजे काहीही चालेल. अक्षर, आकडा, रिकामी जागा. पण एक गोष्ट टिंबाला चालत नाही. ओळ संपली की ते तिथंच थांबतं. पुढच्या ओळीत बघतच नाही."

"म्हणजे ज्यांचं बोलणं एका ओळीत बसलं..."

"त्या आल्या. ज्या दोन ओळी बोलल्या, त्या राहिल्या."

मला शेवंताबाईंचं ताट आठवलं. आणि ते पाच रिकामे नंबर. मी वही काढली. सतरा, चार, एकोणतीस, एकतीस, चाळीस. यातल्या दोघींना मी ओळखत होते. एकदा दारात बसल्या, तर चहा दोनदा करावा लागे.

"आता?" मी विचारलं.

"आता टिंबाला सांगायचं, बाबा, ओळ संपली तरी पुढं जा. त्याची सोय असते. मी वापरली नाही, एवढंच." त्यांनी काही तरी बदललं, कळ दाबली आणि पडद्यावर उत्तर आलं: एक.

"एक?"

"थांबा, थांबा." त्या हसायला लागल्या. "आता ते अधाशी झालंय. पहिल्या 'शब्द'पासून निघालं, ते थेट शेवटच्या 'सांगणार'पर्यंत. मधलं सगळं गिळलं. तुमच्या आईची सोळा वर्षं म्हणजे एकच नोंद, असं म्हणतंय."

मी पडद्यावरचा तो एक पुन्हा वाचला.

"याला हाव कमी करायला सांगू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "एक प्रश्नचिन्ह घालायचं. मग ते पहिलाच 'सांगणार' आणि नंबर भेटला की थांबतं, आणि पुढच्या शब्दाला नव्यानं सुरू करतं."

प्रश्नचिन्ह घातलं. कळ दाबली.

एक हजार नऊशे पंचेचाळीस.

"घ्या!" शबानामॅडमनी टेबलावर थाप मारली. "कुठं आठशे बारा आणि कुठं हे. सोमवारी तुमचे पाटणकर झोपणार नाहीत."

"एक कमी आहे," मी म्हणाले.

"अहो, अकराशे तेहेतीस वाढलेत!"

"दोन हजाराला चौपन्न कमी, असं ती म्हणाली होती. म्हणजे शेहेचाळीस हवेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा हट्ट कुणाचा आहे, ते त्या ठरवत होत्या. मग म्हणाल्या, "एखादीला शेवट नसेल. साच्याला 'सांगणार'पुढं नंबर लागतो. तो नसला, तर नोंद धरणार नाही." त्या फाईलच्या तळाशी गेल्या. "ही बघा. शेवटचीच आहे. 'सांगणार' लिहिलंय, पुढं काही नाही. नंबर टाकायचा राहिला."

"कुठला शब्द?"

"वैल. पण वैल तर येऊन गेला ना मघाशी?" त्या वाचू लागल्या, आणि दुसऱ्या ओळीशी थांबल्या. "हे तुम्ही वाचा," म्हणाल्या. "मी चहा सांगून येते."

चहा त्यांना शिपायाकडून मागवता आला असता. त्या स्वतः गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. तोपर्यंत मी ती पानं छापून घडी करून पिशवीत ठेवली होती.

शनिवार फोनवर गेला. पाटणकर आधी चिडले, मग म्हणाले, "पुस्तक दोन खंडांत करावं लागेल. वर्षश्राद्धाला काही होत नाही आता." मी म्हटलं, चालेल. आई आता कुठं जाणार नव्हती.

रविवारी मी चिंचेवाडीला गेले. अनूबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. दहावीतली नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला बघून अनूबाई उठल्या नाहीत. हात मात्र थांबला.

"मावशी," मी म्हणाले, "तुमचे दोनशे सहा शब्द आहेत. सगळ्यांत जास्त तुमचेच. चूक आमची होती."

त्यांनी नातीकडे बघितलं. "ऐकलंस? सपनात बोलली म्हनं!" मग मला म्हणाल्या, "वाच. माझं नाव वाच."

मी वाचलं, "सांगणार सतरा, अनूबाई रेडेकर."

"लंबर कशाला? शब्द वाच. तरवा वाच."

मी तरवा काढला. आईनं त्यांचं बोलणं होतं तसंच उतरवलं होतं.

"'तरवा: भाताचं रोप. उपटताना मूठ मुळाशी धरायची. वर धरली तर रोप तुटतं. पहिल्या साली मी वर धरली. आता सासू बोलनार म्हनून मी अंग चोरलं. ती बोलली न्हाई. माझी मूठ धरून खाली सरकवली आनि आपल्या वाफ्यात गेली. तवापासनं मला ती आवडायला लागली. तिला तसं कधी सांगितलं न्हाई. दोघींनाबी सवय नव्हती.'"

अनूबाईंनी सूप बाजूला ठेवलं होतं. "हे समदं लिवलं व्हय तिनं?" त्या म्हणाल्या. "मी बोलायची आनि ती नुसती हं हं करायची. मला वाटायचं, बाईचं ध्यान न्हाई."

"आज्जी, ही तुझी सासू म्हणजे फोटोतली?" नातीनं विचारलं आणि ती येऊन आजीजवळ बसली.

त्यांनी आणखी तीन शब्द वाचून घेतले. मग स्वतःच म्हणाल्या, "आनि वैल? शेवंतीचा एका वळीचा छापनार व्हय?"

"तुमचाही आहे. शेवंताबाईंचाही राहील," मी म्हणाले. "पण आणखी एक आहे. त्याला नंबर नाही. शेवटचाच आहे तो."

"कुनी सांगितला?"

"वाचते," मी म्हणाले. घडी उलगडली. शुक्रवारपासून मी ते मनात अनेकदा वाचलं होतं, मोठ्यानं एकदाही नाही. जिथं आईनं ओळ तोडली होती, तिथं तिथं मी थांबत गेले. नाही तर वाचता आलं नसतं.

"'वैल: चुलीचं दुसरं तोंड. आजऱ्याच्या घरी गॅस

येईपर्यंत आमच्याकडे चूल होती. संजू गडहिंग्लजला

कॉलेजला जाई. परतीची एसटी कधी सातला येई, कधी नऊला.

उशीर का झाला असं मी विचारत नसे. विचारलं तर आपला

आवाज चढेल अशी भीती वाटे. भात वैलावर ठेवून मी खोलीत

पडून राही. झाकणीचा आवाज आला की कळे, आली. मग

झोप लागे. वैलाला वेगळं लाकूड घालावं लागत नाही. सांगणार...'"

मी कागद खाली ठेवला.

नात माझ्याकडे बघत होती. "संजू कोण?" तिनं विचारलं.

"गप," अनूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिला लंबर न्हाई म्हनालीस?"

"नाही. स्वतःला तिनं नंबर दिला नव्हता."

"मग दे की. नाव छापायचं कबूल केलंय न्हवं समद्यांना?"

मी वही सोबत आणली होती. नातीनं आपलं पेन दिलं. त्रेचाळीसच्या खाली मी चव्वेचाळीस लिहिलं आणि त्यापुढं आईचं नाव.

"वाच," अनूबाई म्हणाल्या.